जुनी पट्टी, नवी पट्टी : घरगुती संगणकाच्या स्मृतीचा इतिहास

घरातील संगणक जुना झाला आणि साधे पत्र उघडतानाही अडखळू लागला, म्हणजे कोणी तरी जाणता मनुष्य सल्ला देतो, "रॅम वाढवून घ्या." मग दुकानातून वीतभरापेक्षा आखूड आणि दोन बोटे रुंद अशी एक हिरवी पट्टी घरी येते. संगणकाची पेटी उघडली की जुन्या पट्टीच्या शेजारी एक रिकामा स्लॉट दिसतो, आणि नेमक्या त्याच क्षणी शंका उभी राहते. जुनी पट्टी एका कंपनीची, नवी दुसरीची. जुनी चार गिगाबाइटची, नवी आठ गिगाबाइटची. दोघींच्या वेगाचे आकडेही निराळे. या दोघी एका घरात नांदतील काय? दुकानदार म्हणतो, "चालेल." शेजारचा विद्यार्थी म्हणतो, "चालणार नाही." वस्तुतः दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते, आणि ते अर्धेच खरे का असते हे समजण्यासाठी सुमारे पाऊणशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

या प्रश्नात केवळ पैशाचा हिशेब गुंतलेला नाही. घरातील जमाखर्च, पत्रे, छायाचित्रे, मुलांचे निबंध आणि कित्येकांच्या उपजीविकेचे कागद या पट्ट्यांतूनच ये-जा करतात. स्मृतीने एखादे अक्षर चुकीचे परत दिले, तर ते चुकीचेच अक्षर पुढे कायमचे साठविले जाते. संगणक बंद पडला तर निदान दोष कळतो. तो चालू राहून चुकला, तर कळायला मार्ग नसतो.

संगणकाची स्मृती ही आरंभी अत्यंत दुर्मिळ वस्तु होती. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २१ जून १९४८ रोजी ज्या यंत्राने आपल्याच स्मृतीत साठविलेला कार्यक्रम प्रथम चालविला, त्याची सारी स्मृती एका कॅथोड किरण नलिकेच्या पडद्यावरील १,०२४ ठिपक्यांत मावत होती. पुढे अमेरिकेत जे फॉरेस्टर व त्यांचे सहकारी यांनी चुंबकीय कड्यांची स्मृती सिद्ध केली आणि १९५३ मध्ये ती एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ या यंत्रात बसविली. फेराइटची बारीक कडी तारांत ओवून ही स्मृती तयार होई. ओवण्याचे हे काम बहुधा स्त्रिया हाताने करीत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्याही स्मृतीत अशीच कडी होती आणि चाळीस अंशांचे २,०४८ शब्द तीत मावत. अशा यंत्रात ‘निराळ्या कंपनीची पट्टी’ घालण्याचा प्रश्नच संभवत नव्हता. यंत्र ज्याने बांधले, त्यानेच त्याची स्मृतीही बांधलेली असे.

चुंबकीय स्मृतीच्या या इतिहासात एक नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ते पुढे पुन्हा भेटणार आहे. शांघाय येथे १९२० साली जन्मलेले आणि हार्वर्डमध्ये डॉक्टरेट मिळविलेले अ‍ॅन वाँग यांनी १९४९ मध्ये चुंबकीय कड्यांच्या एका युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९५१ मध्ये त्यांनी ‘वाँग लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली, आणि १९५६ मध्ये ते पेटंट आयबीएमला पाच लाख डॉलरांस विकले.

आजच्या घरगुती स्मृतीचा खरा पूर्वज मात्र निराळा आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये अशी कल्पना सुचली की, स्मृतीचा एकेक अंश साठविण्यास एक ट्रान्झिस्टर व एक सूक्ष्म कपॅसिटर एवढे पुरे आहे. १९६८ मध्ये त्यांस तिचे पेटंट मिळाले. कपॅसिटरमध्ये विद्युत्भार असला तर एक, नसला तर शून्य, इतकी ती साधी होती. तथापि या साधेपणाला एक उणीव चिकटलेली आहे. हा भार गळतो. तळाला छिद्र असलेल्या घागरीत पाणी टिकवायचे, तर ते पुनःपुन्हा भरत राहावे लागते. तद्वत् या स्मृतीतील प्रत्येक ओळ ठराविक काळाच्या आत वाचून पुन्हा लिहावी लागते. कित्येक वर्षे हा काळ बहुधा ६४ मिलिसेकंद असे. ओळ केव्हा उघडायची, उघडल्यावर किती नॅनोसेकंद थांबायचे, केव्हा वाचायचे, केव्हा मिटायची, याचे काटेकोर वेळापत्रक प्रत्येक चिपबरोबर जन्मास येते. इंटेल कंपनीने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या ‘११०३’ या चिपमध्ये १,०२४ अंश मावत. आजच्या एका पट्टीत अब्जावधी अंश असतात. पण गळणारा भार आणि वेळापत्रक या दोन गोष्टी आजही त्याच आहेत. निरनिराळ्या पट्ट्या एकत्र नांदण्याचा प्रश्न बव्हंशी या वेळापत्रकांचा प्रश्न आहे.

घरात संगणक शिरला तो १९७५ च्या सुमारास. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाने ‘आल्टेर ८८००’ हे यंत्र मुखपृष्ठावर छापले. हौशी मनुष्याने सुटे भाग मागवून ते घरी जोडावयाचे, आणि स्मृती असे फक्त २५६ बाइट. एवढ्या स्मृतीत काहीच करता येत नसल्यामुळे प्रत्येकाला अधिक स्मृतीचे बोर्ड हवे होते. मूळ कंपनीचे चार किलोबाइटचे बोर्ड भरवशाचे निघाले नाहीत, तेव्हा कॅलिफोर्नियातील ‘प्रोसेसर टेक्नॉलॉजी’ या लहानशा कंपनीने त्याच यंत्रात बसणारे आपले बोर्ड विकावयास काढले. एकाचे यंत्र आणि दुसऱ्याची स्मृती हा घरगुती संगणकाच्या इतिहासातील आंतरजातीय विवाह असा अगदी पाळण्यातच लागला, आणि तो लागला तो गरजेपोटी.

१९७७ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅपल टू’ या यंत्राने तर मिश्रणाची सोय रचनेतच ठेवली होती. त्याच्या बोर्डावर चिप बसविण्याच्या तीन रांगा असत आणि प्रत्येक रांगेत आठ चिप. रांग चार किलोबाइटची ठेवावी की सोळा किलोबाइटची, हे एका लहानशा ठोकळ्यातील तारांच्या जोडणीवरून यंत्राला सांगता येई. त्यामुळे ज्याची ऐपत बेताची होती तो एका रांगेत मोठ्या चिप व दुसरीत लहान अशा ठेवून वीस किलोबाइटचा धनी होऊ शके. याच यंत्राची किंमत चार किलोबाइट स्मृतीसह १,२९८ डॉलर होती, तर पुऱ्या अठ्ठेचाळीस किलोबाइटसह २,६३८ डॉलर. स्मृती थोडी थोडी वाढविण्याची मुभा म्हणजे सामान्य गृहस्थासाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ प्रसिद्ध केला. त्यात सोळा किलोबाइटची एक रांग बोर्डाला डाख देऊन पक्की केलेली असे आणि आणखी तीन रांगांसाठी रिकामी बैठक ठेवलेली असे. रांगेतील चिप आठ नसून नऊ होत्या. नववी चिप पहाऱ्यासाठी होती. आठ अंशांची बेरीज विषम की सम, याची नोंद ती ठेवी. वाचताना मेळ बसला नाही, तर यंत्र ‘पॅरिटी’ची चूक दाखवून जागच्या जागी थांबे. हे थांबणे अनेकांना त्रासाचे वाटे. परंतु चुकीची रक्कम खतावणीत चढण्यापेक्षा कारकून थांबलेला बरा, अशी त्यामागील दृष्टी होती.

या सर्व यंत्रांत चिप एकेक करून बोटांनी दाबून बसवाव्या लागत. एखादा पाय वाकला की सारी रांग निकामी. शिवाय यंत्र तापून व निवून चिप हळूहळू बैठकीतून वर सरकत. हे सगळे चुकविण्याची साधी युक्ती काढली ती वाँग यांच्याच कंपनीने. नऊ चिप एका छोट्या पट्टीवर कायमच्या डाखून टाकावयाच्या आणि पट्टीच्या कडेला तीस संपर्कबिंदू ठेवून ती बोर्डावरील स्लॉटमध्ये उभी करावयाची. १९८३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९८७ मध्ये पेटंट मिळाले. ‘सिंगल इन-लाइन मेमरी मॉड्यूल’, संक्षेपाने ‘सिम’, ती हीच पट्टी. मोबाइलमधील सिमकार्डाशी तिचा काही संबंध नाही.

पट्टी तर झाली. पण ती कोणाच्याही यंत्रात बसावी, तर तिची लांबी, संपर्कबिंदूंचा क्रम, विजेचा दाब यांवर सर्व उत्पादकांचे एकमत हवे. असे एकमत घडविणारी संस्था अमेरिकेत होती. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘जेडेक’ या मंडळात अर्धवाहक वस्तू करणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र बसून मानके ठरवीत. वाँग कंपनीने आपली पट्टी या मंडळापुढे ठेवली, आणि मित्सुबिशीसारख्या जपानी कंपन्यांनाही ती तयार करण्यास प्रोत्साहन दिले, कारण उत्पादक वाढले तरच पट्टी स्वस्त होणार होती. पुढे पट्टी जगभर पसरली. वाँग कंपनीची मात्र पडती सुरू झाली. संस्थापक १९९० मध्ये वारले, आणि ऑगस्ट १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले. याच सुमारास ती पेटंटचे कागद घेऊन न्यायालयांत उभी राहिली. तोशिबा आणि एनईसी यांच्यावर खटले झाले. मित्सुबिशीच्या खटल्यात मात्र अपील न्यायालयाने १९९७ मध्ये असा निर्णय दिला की, ज्याने स्वतः आग्रह करून दुसऱ्यास वस्तु करावयास लावली, त्याला पुढे तिच्याबद्दल स्वामित्वशुल्क मागता येणार नाही. त्याच्या वागण्यातच परवानगी आलेली आहे. घरातील दोन पट्ट्यांचा मिलाफ हा असा कधी कधी न्यायासनापर्यंतही पोहोचलेला आहे.

सिमच्या काळात मिश्रणाचा पहिला नियम गणिताचा होता. तीस बिंदूंची पट्टी एका वेळी आठ अंश देई. प्रोसेसर सोळा अंशांचा असला तर पट्ट्या दोन-दोनच्या जोडीने आणि बत्तीस अंशांचा असला तर चार-चारच्या संचाने बसवाव्या लागत, आणि एका संचातील सर्व पट्ट्या सारख्याच क्षमतेच्या लागत. पुढे बहात्तर बिंदूंची, बत्तीस अंश देणारी पट्टी आली. ४८६ प्रोसेसरला ती एकटी पुरे; परंतु १९९३ मध्ये आलेल्या चौसष्ट अंशांच्या पेंटियमला तिचीही जोडी लागू लागली. एका जुवाला एक बैल जोडून जशी गाडी चालत नाही, तसा हा प्रकार होता. दुसरा नियम वेगाचा. पट्टीवर साठ, सत्तर किंवा ऐंशी नॅनोसेकंद असा तिचा वेळ नोंदलेला असे, आणि त्या काळच्या पट्टीला आपला वेग यंत्रास पुरतेपणी सांगता येत नसल्यामुळे मालकानेच सर्वांत मंद पट्टी ध्यानात घेऊन यंत्राची मांडणी करावी लागे. तिसरा नियम धातूचा होता आणि तो फारच थोड्यांना माहीत असे. काही पट्ट्यांच्या कडांना सोन्याचा मुलामा असे, काहींना कथिलाचा. सोनेरी पट्टी कथिली स्लॉटमध्ये बसविली, तर सूक्ष्म हालचालीने घासून कथिलाचा गंज जमे, आणि महिन्या-महिन्यांनी अकारण चुका होऊ लागत. पट्टी काढून कड पुसून पुन्हा बसविली की यंत्र काही दिवस नीट चाले. त्या काळी रबराने रॅम घासण्याचा जो उपचार दुकानोदुकानी चाले, त्याच्या मुळाशी संपर्कबिंदूंवरील हीच पुटे होती.

लोक तरीही मिश्रण करीत राहिले, याचे कारण किंमत. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकल कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या एपॉक्सी राळेचा जगातील बराच मोठा वाटा तेथे तयार होई. टंचाईच्या नुसत्या भीतीने स्मृतीचे दर काही दिवसांतच भडकले. अशा दिवसांत जुन्या पट्ट्या टाकून देणे कोणास परवडणार? त्या काळी चार जुन्या लहान पट्ट्या एका आडव्या बोर्डावर रोवून त्यांची एक मोठी पट्टी करणारी जोडपात्रेही विकली जात. आपल्याकडे तो काळ ‘असेंबल’ केलेल्या संगणकांचा होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर अशा बाजारांतून भाग जमवून गावोगावचे तरुण यंत्रे बांधून देत. ज्या घराला कंपनीचा पुरा संगणक परवडत नसे, त्या घरात तो अशा जोडकामानेच आला. निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकत्र चालतात या एका गोष्टीवर ते सारे दार उघडले होते.

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात १६८ बिंदूंची ‘डिम’ पट्टी रूढ झाली. ती एकटीच चौसष्ट अंश देई. त्यामुळे जोडीची सक्ती संपली. जेडेकने १९९३ मध्ये मान्य केलेली ‘एसडीरॅम’ ही स्मृती यंत्राच्या घड्याळाच्या ठोक्याबरोबर पाऊल टाकी. तथापि मिश्रणाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची सुधारणा एका नखाएवढ्या चिपमध्ये होती. पट्टीच्या एका कोपऱ्यात ही चिप बसविलेली असे, आणि पट्टीची क्षमता किती, घड्याळ किती वेगाचे चालेल, वाचण्यापूर्वी किती ठोके थांबावे, अशी सारी जन्मपत्रिका तीत लिहिलेली असे. यंत्र सुरू होताच बोर्ड प्रत्येक पट्टीची ही पत्रिका वाचतो आणि सर्वांना झेपेल असे एकच वेळापत्रक ठरवितो. १९९८ मध्ये इंटेलने शंभर मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांसाठी जे विनिर्देश प्रसिद्ध केले, त्यांनी ही शिस्त अधिकच पक्की झाली. तेव्हापासून मिश्रणाचा मुख्य कायदा एका वाक्यात सांगता येतो: सर्वांत मंद पट्टी ज्या गतीने चालेल, त्या गतीने सर्व पट्ट्या चालतील. म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असली, म्हणजे दिंडी ज्या चालीने चालते, ती ही चाल होय.

ही शिस्त किती नाजूक होती याचे प्रत्यंतर लवकरच आले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या रॅम्बस कंपनीची स्मृती अतिवेगवान पण महाग होती, आणि इंटेलने आपली पुढची यंत्रे तिच्यावर उभी करण्याचे ठरविले. तिच्या रचनेत स्लॉट रिकामा ठेवण्याचीही सोय नव्हती. रिकाम्या स्लॉटमध्ये नुसती वाट जोडणारी कोरी पट्टी घालावी लागे. १९९९ च्या सप्टेंबरात, यंत्रे बाजारात येण्यास अवघे काही दिवस उरले असता असे आढळले की, तीन पट्ट्या बसविल्या म्हणजे चुका होतात. तेव्हा तिसरा स्लॉटच रद्द करावा लागला. ही महाग स्मृती घेण्यास लोक नाखूष होते. त्यांना स्वस्त एसडीरॅम याच यंत्रात वापरता यावी म्हणून मध्ये एक दुभाषी चिप घालण्यात आली. परंतु दुभाष्याकडूनच शब्द चुकू लागले. विद्युत्संकेतांतील गोंगाटामुळे यंत्रे मध्येच थांबत, आपोआप पुन्हा सुरू होत, आणि माहिती दूषित होण्याचाही धोका होता. मे २००० मध्ये इंटेलने ते बोर्ड परत घेऊन बदलून देण्याचे जाहीर केले. शुभवर्तमानातील जुन्या वस्त्राच्या ठिगळाचा दृष्टान्त यंत्रशास्त्राने असा स्वखर्चाने पडताळून पाहिला.

रॅम्बसचे प्रकरण येथेच संपले नाही. ही कंपनी काही वर्षे जेडेकच्या बैठकांस हजर राहिली होती आणि १९९६ मध्ये बाहेर पडली होती. पुढे तिने आपली पेटंटे पुढे करून सर्वमान्य स्मृतीच्या उत्पादकांकडून शुल्क मागितले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००६ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध दिला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दुसऱ्या बाजूस मोठे उत्पादकही निर्मळ नव्हते. १९९९ ते २००२ या काळात संगनमताने भाव ठरविल्याबद्दल अमेरिकेत इन्फिनिऑनला २००४ मध्ये १६ कोटी, आणि २००५ मध्ये हायनिक्सला १८.५ कोटी व सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. एकत्र बसून मानक ठरविणे आणि एकत्र बसून भाव ठरविणे यांत फरक आहे. पहिल्याने ग्राहक मोकळा होतो, दुसऱ्याने तो नाडला जातो.

यानंतरचा काळ ‘डीडीआर’ पिढ्यांचा. जेडेकने पहिल्या पिढीचे मानक २००० मध्ये, दुसरीचे २००३ मध्ये, तिसरीचे २००७ मध्ये, चौथीचे २०१२ मध्ये आणि पाचवीचे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. विजेचा दाब पिढीगणिक उतरत गेला: अडीच व्होल्टवरून १.८, मग १.५, मग १.२, आणि शेवटी १.१. या पिढ्यांचे परस्परांत मिश्रण होत नाही, आणि होऊ नये अशीच योजना आहे. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या पट्ट्यांना २४० बिंदू आहेत, चौथ्या व पाचव्या पिढीच्या पट्ट्यांना २८८. परंतु कडेची खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकविलेली आहे. चुकीची पट्टी स्लॉटमध्ये बसतच नाही. बळाचा वापर केला तरच ती बसेल, आणि मग पट्टी व बोर्ड दोन्ही जातील. संक्रमणाच्या काळात दोन्ही पिढ्यांचे स्लॉट असलेले काही बोर्ड निघाले. पण त्यांतही एका वेळी एकाच पिढीचा वापर करता येई.

एकाच पिढीतील पट्ट्यांची गोष्ट निराळी. तेथे उत्पादक निराळा असला तरी चालतो, क्षमता निराळी असली तरी बहुधा चालते. नव्या शतकाच्या आरंभी स्मृतीकडे जाणाऱ्या वाटा दोन झाल्या आणि सारख्या जोडीला पुन्हा महत्त्व आले. दोन्ही वाटांवर सारख्या पट्ट्या असल्या तर माहिती दुपटीने वाहते. २००४ मध्ये इंटेलने विषम जोडीचीही सोय केली. चार आणि आठ गिगाबाइटच्या पट्ट्या असल्या, तर चारास चार जुळवून आठ गिगाबाइट दुहेरी वाटेने चालतात आणि उरलेले चार एकेरी वाटेने. म्हणजे विषम जोडी ही सम जोडीहून काहीशी मंद असते. तथापि जागा अपुरी पडून संगणक अडखळत असेल, तर ती मंद जोडीही एकट्या पट्टीपेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

मग ‘चालणार नाही’ असे म्हणणाऱ्याचे अर्धे सत्य कोठे आहे? ते पत्रिकेत न मावणाऱ्या गोष्टींत आहे. दोन पट्ट्यांवरील चिपची मांडणी निराळी, तारांच्या वाटा निराळ्या, विद्युत्संकेतांना होणारा अडथळा निराळा. पत्रिका जुळूनही संसार कुरकुरावा, तसे कधी कधी होते. आणि पट्ट्यांची संख्या व वेग वाढत गेला, तशी ही कुरकुर वाढली. जाहिरातीत छापलेला वेग हा पुष्कळदा मानकापलीकडचा असतो, आणि संमिश्र पट्ट्यांकडून तो मिळेलच याची हमी कोणी देत नाही. त्यातच नववी चिप, तो जुना पहारेकरी, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घरगुती संगणकांतून काटकसरीखातर नाहीसा झाला. टोरांटो विद्यापीठ व गूगल यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गूगलच्या यंत्रांतील आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत वर्षाकाठी निदान एक तरी चूक आढळली होती. त्या यंत्रांत चूक ओळखून दुरुस्त करणारी व्यवस्था होती, म्हणून ती मोजता आली. घरातील बहुतेक संगणकांत अशी मोजणी करणारे कोणी नसते.

म्हणून सुज्ञ गृहस्थाने घ्यावयाची काळजी पुढीलप्रमाणे आहे. जुन्या पट्टीची पिढी, विजेचा दाब व वेग तिच्यावरील चिठ्ठीवरून उतरून घ्यावा आणि नवी पट्टी त्याच पिढीची घ्यावी. बोर्डाची पुस्तिका कोणता स्लॉट आधी भरावयास सांगते, ते पाहावे. वीज तोडून, पेटीच्या धातूला हात लावून, मगच पट्टीला स्पर्श करावा. दोन्ही पट्ट्या बसविल्यावर स्मृतीची परीक्षा घेणारा कार्यक्रम रात्रभर चालू ठेवावा. १९९४ पासून प्रचारात असलेला ‘मेमटेस्ट’ हा त्यांपैकी सर्वांत परिचित. त्याने एकही चूक दाखविली, तर ‘एकच तर आहे’ असे म्हणून सोडून देऊ नये. आणि महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. हा शेवटचा नियम पट्ट्या सारख्या असोत की निराळ्या, सर्वांनाच लागू आहे.

आता या इतिहासाला एक वेगळेच वळण लागले आहे. २००८ मध्ये आलेल्या मॅकबुक एअरमध्ये स्मृती बोर्डाला डाखूनच टाकलेली होती, आणि यंत्र बारीक व हलके करण्याच्या ओघात तोच प्रकार अनेक लॅपटॉपांत रूढ झाला. त्यात विजेची बचत आहे, वेगही आहे. परंतु रिकामा स्लॉट नाही. विकत घेताना जेवढी स्मृती घेतली, तेवढीच यंत्राच्या अखेरपर्यंत. जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कॅम-टू’ या चपट्या, स्क्रूने बसविता व काढता येणाऱ्या मॉड्यूलचे मानक प्रसिद्ध केले, तेव्हा हरवलेला दरवाजा पुन्हा उघडण्याची आशा निर्माण झाली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांची मागणी वाढून स्मृतीचे भाव पुन्हा कडाडले, आणि मायक्रॉनसारख्या उत्पादकाने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा व्यवसाय बंद करण्याचे डिसेंबरात जाहीर केले. अशा वेळी कपाटातील जुनी पट्टी टाकून देण्याची वस्तु राहत नाही.

घरातल्या त्या उघड्या पेटीपाशी शेवटी परत येणे इष्ट. जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी खटकन् बसते, दोन्ही बाजूंच्या खुंट्या मिटतात, यंत्र सुरू होते आणि पडद्यावर बारा गिगाबाइटचा आकडा उमटतो. एका देशात तयार झालेली चिप, दुसऱ्या देशात जोडलेली पट्टी, तिसऱ्याने बांधलेला बोर्ड आणि या सर्वांना एकमेकांची ओळखदेखील नाही. तरीही ती एका ठोक्यावर पाऊल टाकतात, कारण कोणे एके काळी परस्परांशी स्पर्धा करणारी माणसे एका टेबलाभोवती बसली आणि खाच कोठे असावी, बिंदू किती असावेत, किती वेळ थांबावे, यावर त्यांनी सही केली. त्या सहीचा लाभ आज ज्याला मिळतो, त्या गृहस्थाला तिची गंधवार्ताही नसते. रिकामा स्लॉट मात्र त्याला हवा असतो, आणि पुढचा संगणक घेताना तो आहे की नाही हे विचारण्याचा अधिकार त्याने सोडता कामा नये.